अप्पांचा जंजिरा

माझ्या वडिलांनी शाळेत बत्तीस वर्षं जंजिरा शिकवला, पण समुद्र एकदाही पाहिला नव्हता.

उदगीरपासून एसटीनं पाऊण तासावरच्या एका गावात ते जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. इतिहासाचा तास म्हणजे त्यांचा सण. जलदुर्गांचा धडा आला की ते रंगीत खडू घरूनच घेऊन निघत. फळ्यावर आधी निळ्या लाटा काढत, मग लाटांच्या मधोमध एक चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि ऐन समोर, वर्गाकडे तोंड करून, एक भलामोठा दरवाजा. काढून झालं की डस्टर टेबलावर आपटून म्हणत, "अजिंक्य!" पाचवीत असताना मीही त्याच वर्गात बसून हे ऐकलंय. आम्ही पोरांनी तोवर एकच किल्ला बघितलेला, उदगीरचा. त्यामुळं आमच्या डोक्यातला जंजिरा म्हणजे उदगीरचाच किल्ला होता, फक्त खंदकातल्या बाभळी काढून तिथं पाणी सोडलेलं. अप्पांच्या डोक्यातलाही याहून फार निराळा नसावा, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसचं दोन दिवसांचं ट्रेनिंग अलिबागला लागलं. मी लातूरला एका सरकारी कार्यालयात आहे आणि आमची ट्रेनिंगं सहसा नांदेडच्या पुढं सरकत नाहीत. मी अप्पांना म्हटलं, "चला माझ्यासोबत. ट्रेनिंग झालं की एक दिवस रजा टाकते, किल्ले बघू."

अप्पा म्हणाले, "मला काय, सगळं पाठच आहे." असं म्हणाले आणि त्याच संध्याकाळी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली.

मग आत्याला फोन केला. आत्या अप्पांची थोरली बहीण, त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. धर्माबादच्या पलीकडं गोदावरीच्या काठावर तिचं गाव. चौथीत शाळा सुटली, ती आयुष्यभर मिरचीत आणि कापसात राबली. अप्पांना ती नावानं कधी हाक मारत नाही. नोकरी लागल्या दिवसापासून 'गुरुजी' म्हणते, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे अप्पांनाही अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

"जय भीम, आत्या. समुद्र बघायला येतीस का?"

"कोण कोण हाय?"

"मी आणि अप्पा."

"गुरुजी येऊन राहिला? पाण्याकडं?" पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग तर मला यावंच लागते."

तेव्हा मला वाटलं, भावाच्या मायेनं बोलतेय.

ट्रेनिंगचे दोन दिवस मी वर्गात बसले आणि हे दोघं लॉजच्या खोलीत. समुद्र चालत दहा मिनिटांवर होता, पण अप्पांनी ठरवलं होतं की किल्ला आणि समुद्र एकाच वेळी बघायचे, रीतसर. आत्या म्हणाली, "आपला गुरुजी जेवायच्या आधी ताट पुसून घेणारा माणूस हाय." तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही एका लहान बसमध्ये बसलो. बसमध्ये दहाबारा प्रवासी आणि गळ्यात स्पीकर अडकवलेला तिशीतला एक गाईड. तो तिथल्याच कोळीवाड्यातला होता. पहिला कुलाबा किल्ला, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं सुरूच्या बनांतून दक्षिणेला, दुपारी जंजिरा आणि संध्याकाळी परत, असा बेत त्यानं सांगितला.

अलिबागच्या वाळूवर उतरलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र पार मागं गेलेला आणि कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडलेली. अप्पा काठावर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. बहात्तर वर्षांचा माणूस पहिल्यांदा समुद्र बघतोय, काहीतरी बोलेल.

"पुस्तकात जरा जास्त निळा छापतात," अप्पा म्हणाले.

आत्यानं लुगडं वर खोचलं, हात कपाळावर धरला आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "अब्बो! पलीकडचा काठच न्हाई की याला!" आणि चालायला लागली.

वाळूवर बारीक खेकड्यांनी बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या करून रांगोळी मांडली होती. आत्या त्यांना पाय लागू नये म्हणून वाकडीतिकडी चालत होती. अप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्री उघडून, ताठ मानेनं चालले. मधेमधे घोट्याएवढं पाणी लागायचं, तिथं ते छत्री जरा उंच धरायचे. छत्रीनं पायाखालचं पाणी कसं अडणार होतं ते त्यांनाच ठाऊक.

किल्ल्यात पोचलो आणि गाईडनं स्पीकर चालू केला. पाच मिनिटं तो बोलला असेल. अप्पा पुढं सरकले. "थोडी दुरुस्ती करतो," ते म्हणाले.

हे वाक्य मी ओळखते. आमच्या घरात या वाक्यानंतर भाजी करपते.

अप्पांनी दुरुस्ती सुरू केली. वर्गात आणि भाषणात ते छापील मराठी बोलतात, 'आहे'ला 'आहे' आणि 'नाही'ला 'नाही'. मराठ्यांच्या आरमारापासून ते निघाले. बाकीचे प्रवासी आधी हसले, मग ऐकायला लागले, आणि थोड्या वेळानं सगळा घोळका गाईडला सोडून अप्पांच्या मागं चालू लागला. गाईड बिचारा भला माणूस. त्यानं स्पीकरच अप्पांच्या गळ्यात घातला. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, चहूकडं खारं पाणी आणि आत गोडं. तिथं अप्पांनी इतका वेळ लावला की आत्या कठड्यावर बसून म्हणाली, "लातूरच्या माणसाला गोडं पाणी दिसलं, आता हलत न्हाई हा."

गाईड दोनदा घड्याळ बघून आला. "काका, पाणी भरतंय. निघायला हवं."

"भरतीस अजून अवकाश आहे," अप्पा म्हणाले आणि तिथंच चंद्राच्या आकर्षणाकडं वळले. चंद्र पाणी कसं ओढतो, हे हाताची मूठ करून दाखवलं.

"मग अमावशेला कोण वढतं?" आत्यानं विचारलं.

"चंद्र असतोच गं, दिसत नाही फक्त."

"हां. दिसत न्हाई, पर हाय." आत्यानं मान डोलावली. "मग आता दिसत न्हाई तरी पाणी येऊन राहिलं आसंल की. चला."

तिचं खरं निघालं. दरवाजातून बाहेर आलो तर येताना जिथं वाळू होती तिथं पाणी होतं. फार नाही, गुडघ्याएवढं. गाईड म्हणाला, घाबरू नका, रांगेनं चला, दहा मिनिटांत पलीकडं. सगळे उतरले. बायका साड्या सावरत हसत होत्या. अप्पाही उतरले. निम्म्या वाटेवर मी मागं बघितलं तर अप्पा उभे. छत्री मिटलेली, छातीशी घट्ट धरलेली.

"अप्पा, चला."

"आक्का," त्यांनी मला नाही, आत्याला हाक मारली. आवाज बारीक झाला होता आणि छापील मराठी कुठल्या कुठं पळाली होती. "आक्का, खालची वाळू सरकून राहिली गं. पाय निघंना."

आत्या पाणी तुडवत माघारी गेली. तिनं त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं कंबरेचा पट्टा पकडला आणि तशीच उभी राहिली. तेवढ्यात गाईडनं किल्ल्याकडून येणारा टांगा थांबवला. तिथं घोडागाड्या पाण्यातून ये-जा करतात. आम्ही तिघांनी मिळून अप्पांना वर चढवलं. काठ येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. चाकं कोरड्या वाळूला लागली तेव्हा उघडले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "घोड्याला अनुभव आहे असं दिसतं."

आत्यानं तोंडाला पदर लावला. मीही दुसरीकडं बघितलं.

बस किनाऱ्यानं निघाली. एका बाजूला माडांच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधेच खाडी लागली की चिखलात मुळं वर काढून उभी राहिलेली खारफुटी आणि तिच्यावर बसलेले पांढरे बगळे. गाईड पक्षी दाखवत होता. अप्पा खिडकीच्या आतल्या बाजूला सरकून बसले होते आणि दुरुस्ती करत नव्हते. दुपारी एका घरगुती खानावळीत जेवलो. सोलकढी आली. आत्यानं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, पिशवीतून धर्माबादच्या मिरचीच्या तिखटाची डबी काढली आणि माशाच्या कालवणावर ते असं पेरलं, जसं शेतात खत टाकावं. शेजारी गाईड जेवत होता. त्याला आग्रह करून चिमूटभर दिलं. त्याचे डोळे भरून आले, कान लाल झाले, उचकी लागली.

"रडू नको लेकरा," आत्या त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "हे तर आमी न्हान्या पोरांना देतो."

अप्पा हसले. सकाळपासून पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, विसरले.

तीनच्या सुमाराला राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो. आणि समोर, पाण्यात, जंजिरा. काळा, बसका, समुद्राच्या पाठीवर टेकलेला. मी अप्पांचा हात धरला. पाचवीपासून ऐकलेली गोष्ट समोर उभी होती.

धक्क्याला शिडाची होडी लागलेली होती. माणसं एकेक करून उतरत होती. लाटेनं होडी वीतभर वर यायची, हातभर खाली जायची. अप्पांनी ती दोनतीनदा वरखाली होताना बघितली.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले.

"म्हणजे? अप्पा, याच्यासाठी तर आलो!"

"मला सगळं माहीतच हाय." 'हाय' म्हणाले, तेव्हाच मी समजले. "दोन तळी, मोठी तोफ, बुरूज. बगायचं काय त्यात? आन् हितून चांगला दिसून राहिला की."

गाईडनं समजावलं, मी समजावलं. अप्पा धक्क्यावरच्या शेडमधल्या बाकावर जाऊन बसले आणि पिशव्या मांडीवर घेतल्या, म्हणजे पिशव्यांसाठीच थांबलेत असं दिसावं. मी म्हटलं, मग मीही थांबते. तर म्हणाले, "आक्कासोबत कोण जाईल?" वळून बघितलं तर आत्या केव्हाच होडीत जाऊन बसली होती, नावाड्याच्या अगदी जवळ, आणि त्याला घरी किती माणसं आहेत ते विचारत होती.

शीड फुगलं, धक्का मागं गेला. अप्पा बाकावर लहान लहान होत गेले. मला त्यांचा जरा रागच आला होता. "एवढं काय भ्यायचं?" मी आत्याला म्हटलं.

आत्या नावाड्याकडंच बघत बोलली, आपल्या नेहमीच्याच आवाजात, जसं काय मिरचीचा भाव सांगतेय. "पाच वर्षांचा होता तो. गावच्या विहिरीत बाकीची पोरं पोहायची. आपल्या वस्तीतल्या पोरांना उतरायची मुभा नव्हती. हा एकदा दुपारचं कुणी न्हाई बघून पायऱ्या उतरला. वरून कुणीतरी बघितलं, वरडलं, ढेकळं मारली. हा दचकला, पाय घसरला. मी पाण्याला गेल्ते आपल्या हौदाला, आवाज आला म्हणून पळाले. वरची माणसं नुसती बघून राहिली होती. मी पायरीवर आडवी झाले अन् पदर टाकला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा धरला."

"अप्पांनी कधी सांगितलं नाही."

"कामून सांगंल? माराच्या वर मार. वरच्यांनी बाबाला बोलावून शिव्या दिल्या, इटाळ केला म्हणून. तवापासून त्याला गुडघ्याच्या वर पाणी चालत न्हाई. मला चालते. मी लग्न होऊन गेले, तर शेत गोदावरीच्या पल्याड. रोज होडीनं जा, होडीनं ये. भ्याले आस्ते तर उपाशी मेले आस्ते."

मग तिनं विषय सोडून दिला. नावाड्याला म्हणाली, "दादा, दार कुठंय रे याला?"

नावाडी हसला. "शोधा आजी."

आम्ही किल्ल्याच्या पार जवळ आलो होतो. नुसती भिंत. बुरूज, भिंत, बुरूज, भिंत. कुठंच दार नाही. मी अप्पांच्या फळ्यावरचा तो भलामोठा दरवाजा शोधत होते, ऐन समोरचा. होडी भिंतीवर आदळणार असं वाटलं तेव्हा नावाड्यानं एक वळसा घेतला, आणि दोन बुरुजांच्या बगलेत, अंग चोरून उभा असलेला दरवाजा एकदम तोंडासमोर आला.

आत्या टाळी वाजवून हसली. एकोणऐंशी वर्षांची बाई, सगळ्या होडीनं वळून बघितलं. "गुरुजीनं दार चुकवलं!" ती म्हणाली. "बत्तीस वर्षं चुकीच्या दारातून पोरं आत नेली!"

आत एक तास फिरलो. दगडी पायऱ्यांचं गोड्या पाण्याचं तळं हिरवंगार पडलं होतं. तटावरच्या मोठ्या तोफेच्या तोंडात आत्यानं डोकावून बघितलं आणि आत कबुतराची पिसं आहेत असं जाहीर केलं. तटावरून चहूबाजूंना समुद्र दिसत होता आणि लांब पाण्यात दुसरा लहानसा किल्ला, पद्मदुर्ग. वारा इतका, की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आत्यानं तटाच्या कडेनं निम्मा फेरा मारला आणि बोटानं हवेत काहीतरी काढलं. "चौकोनी न्हाई गं हा," ती माझ्या कानात ओरडली. "वाटोळा हाय. जरा लांबट. हात बिघडलेल्या भाकरीवानी."

परत धक्क्यावर आलो तर शेडमध्ये गर्दी. पुढच्या होडीची वाट बघणारे वीसेक लोक गोल करून उभे, आणि मधे अप्पा. कुठूनतरी काठी मिळवली होती. जमिनीवरच्या धुळीत चौकोन, चार बुरूज, समोर दरवाजा. छापील मराठी परत आली होती. "मराठ्यांनी दगड टाकून समुद्रात सेतू बांधावयास घेतला होता, एवढी जिद्द! परंतु किल्ला..." काठी जमिनीवर आपटली. "अजिंक्य!" लोक खुश होते. एक बाई मोबाईलवर चित्रण करत होती.

आत्या माणसांमधून वाट काढत पुढं गेली आणि वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला. "गुरुजी, एक शंका हाय."

अप्पा जरा गडबडले. "विचारा."

"दार समोरून दिसतं का?"

"अर्थात. मुख्य प्रवेशद्वार..."

"न्हाई दिसत. भिंतीला नाक लागेपर्यंत न्हाई दिसत. आन् किल्ला चौकोनी न्हाई, वाटोळा हाय."

लोक हसले. अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तिखट खाल्लेल्या गाईडपेक्षाही. तेवढ्यात चित्रण करणारी ती बाई अगदी सरळ मनानं म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः किती वेळा जाऊन आलात आत?"

अप्पा धुळीतल्या चौकोनाकडं बघत राहिले. बत्तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमच्या गावात विचारणार कोण? मला वाटलं, पुढं होऊन काहीतरी सांगावं, तब्येतीचं, गुडघ्याचं. आत्याला उत्तर माहीत होतं. तिनं तोंड उघडलं.

"आत्ताच निघालोत की आमी," आत्या म्हणाली. "होडीचीच वाट बघून राहिलो होतो. चला गुरुजी."

असं तिनं त्यांना एकाच वाक्यात सोडवलंही आणि पकडलंही. वीस माणसं कौतुकानं वाट देऊन उभी होती. अप्पांनी एकदा आत्याकडं बघितलं. त्या नजरेत लहान भावाचा सगळा राग होता. मग काठी बाकाला टेकवून ठेवली आणि चालू लागले. मी मागोमाग निघाले तर वळून म्हणाले, "तू थांब. पिशव्या कोण बघंल?"

पिशव्यांत आत्याची तिखटाची डबी आणि तीन टॉवेल होते. पण मी थांबले. मुलीनं बघू नये असं बापाचं काही असतं, एवढं मला त्या दुपारी कळलं होतं.

होडीत उतरताना काय झालं ते लांबून दिसलं. अप्पांनी एक पाय टाकला, होडी खाली गेली, त्यांनी पाय मागं घेतला. नावाड्यानं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. आत्या आधी उतरली, वळली आणि पदराचं टोक त्यांच्यापुढं धरलं. हात नाही, पदर. अप्पा तिथंच थबकले. मग त्यांनी तो मुठीत पक्का धरला आणि उतरले. होडीच्या मधोमध, लाकडाला चिकटून, दोघं शेजारी बसले. मागच्या बाजूनं मला अप्पांची टोपी आणि आत्याचं हलणारं डोकं दिसत होतं. आत्या एकसारखी बोलत होती. काय बोलत होती, देव जाणे. होडी किल्ल्याजवळ गेली, वळसा घेतला आणि दिसेनाशी झाली.

ती परत येईपर्यंतचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळांपैकी एक होता. गाईड येऊन बसला. बसमधले बाकीचे लोक चहा पीत होते, कुणी कुरकुर केली नाही. "काका येतील व्यवस्थित," गाईड म्हणाला. "आमचं पाणी मायाळू आहे." मग जरा थांबून म्हणाला, "भरती सोडून."

उन्हं उतरायला लागली तेव्हा होडी आली. अप्पांची उजवी बाजू खांद्यापासून भिजलेली होती, टोपी आत्याच्या डोक्यावर होती. धक्क्यावर पाय ठेवल्यावर ते खांबाला धरून थोडा वेळ उभे राहिले. मी भाषणाची वाट बघत होते. एवढा जंजिरा बघून आलेला माणूस, आता लातूर येईपर्यंत थांबत नाही.

"दार खरंच दिसत न्हाई गं," एवढंच म्हणाले.

मग काठीकडं गेले, ती उचलली आणि धुळीतला तो चौकोन पायानं पुसून टाकला.

परतीच्या बसमध्ये गाईडनं स्पीकर त्यांच्यापुढं धरला. अप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुम्हीच बोला. आज मी ऐकतो." गाईड सुरूंबद्दल बोलला, मासेमारीच्या बंदीच्या महिन्यांबद्दल बोलला, आणि अप्पांनी एकही दुरुस्ती केली नाही. आत्या खिडकीला डोकं टेकून झोपली होती, टोपी तशीच डोक्यावर. तिला जाग आली तेव्हा मी हळूच विचारलं, "होडीत काय बोलत होतीस एवढं?"

"काय न्हाई. गावातल्या सगळ्या लोकांची निंदा करून राहिले होते. निंदा ऐकताना माणूस भ्यायचं विसरतं."

आम्ही लातूरला आलो. पाचव्या दिवशी अप्पा पांढरा सदरा घालून, खडूची पेटी घेऊन, आपल्या जुन्या शाळेत गेले. जाताना मला सोबत नेलं, रस्त्यात चक्कर आली तर बघायला, असं म्हणून. तिथले मुख्याध्यापक आता नवे आहेत, पण अप्पांना ओळखतात. अप्पांनी पाचवीचा एक तास मागितला, त्यांनी दिला. मी मागच्या बाकावर बसले. अप्पांनी निळ्या लाटा काढल्या, लांबट वाटोळा किल्ला काढला, बुरूज काढत गेले आणि दरवाजा काढलाच नाही. पोरं म्हणाली, "सर, दार ऱ्हायलं." अप्पा म्हणाले, "ते असं फळ्यावर दिसत नसतं. तुमच्या आईबापांना मी चुकीचं शिकवलं. घरी जाऊन सांगा." मग होडी, वारा, लाट, तळं, तोफेतली पिसं, सगळं सांगितलं. नेहमीपेक्षा कमी बोलले आणि पोरं नेहमीपेक्षा जास्त गप्प बसली.

शेवटी पुढच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, तुमाला भ्या वाटलं का?"

अप्पांनी खडू ठेवला, हात झटकले. माझ्याकडं बघितलं नाही.

"हाव," म्हणाले. "लई."

वर्ग खोखो हसला, अप्पाही हसले. मुख्याध्यापकांनी चहा सांगितला होता, तो गार होत होता, म्हणून आम्ही उठलो.